दिवाण बैल आणि बुडालेलं गलबत

माझा कुठे सत्कारबित्कार झाला की शेवटी एक प्रश्न ठरलेला असतो. त्या काळात मुलीला शिकवायचं म्हणजे केवढं धाडस, तर तुमच्या पाठीशी कोण उभं राहिलं? मीही ठरलेलं उत्तर देते. वडिलांचं नाव घेते, शाळेतल्या बाईंचं घेते, डोळ्यांना पदर लावते, लोक टाळ्या वाजवतात आणि आम्ही सगळे चहाला मोकळे होतो. एकदाच, बार्शीला, मी खरं उत्तर दिलं. म्हटलं, पाठीशी कोण होतं ते जाऊ द्या, पण दारापुढे एक बैल उभा राहिला, तो काही केल्या हलेना, म्हणून मी शिकले. शेजारी बसलेल्या अध्यक्षांना वाटलं मी त्यांनाच काही बोलले. जाताना त्यांनी हाराची पिशवीसुद्धा माझ्या हातात दिली नाही. तेव्हा आता जे काय झालं ते इथे लिहून टाकते. इथे मध्ये बोलायला कुणी नाही.

आम्ही सोलापूरच्या भवानी पेठेत राहायचो. पुढे अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, सुताचं दुकान आणि मागे दोन खोल्या आणि एवढंसं परस. डावीकडे, उजवीकडे आणि समोर हातमाग. पहाटे गिरणीचा भोंगा व्हायचा, आणि तो थांबायच्या आत शेजारच्या लक्ष्मम्माच्या घरातला माग खटक्‌-खटक्‌ सुरू व्हायचा. मग समोरचा, मग पलीकडचा. त्या आवाजात आम्ही इतके मुरलो होतो की सणाला माग बंद राहिले की आमच्या घरात सगळे ओरडून बोलायचे आणि मग आपण का ओरडतोय म्हणून एकमेकांकडे बघायचे. घराला सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास असायचा. आईच्या मांडीवर कायम कुणी तरी धाकटं असायचं, त्यामुळे स्वयंपाकघर आत्याच्या ताब्यात होतं. आत्या अण्णांची थोरली बहीण. लहानपणीच कपाळ पांढरं होऊन माहेरी आली आणि तेव्हापासून घर तिच्या आवाजावर चालायचं. अण्णा तिघांना भ्यायचे: पोलीस, देव आणि आक्का. त्यातल्या पहिल्या दोघांशी गाठ क्वचित पडायची.

आत्याच्या कडक भाकऱ्या पेठेत प्रसिद्ध होत्या. ज्वारीची भाकरी पापडासारखी पातळ थापायची, भाजून झाली की चुलीच्या कडेला उभी करून वाळवायची, आणि मग ती महिनाभर टिकते. तोडली की कुडुम असा आवाज येतो. हल्ली ती प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून दुकानात मिळते आणि पुण्याचे पाहुणे ती चहात बुडवून खातात, ते मी डोळे मिटून सहन करते. आमच्याकडे ती शेंगाचटणी आणि घट्ट दह्याबरोबर खायची पद्धत होती, आणि आत्या वाढताना प्रत्येकाला एकदा तरी बोलायची. तिच्या हातचं मुकाट्याने जेवलं तर अन्न पचत नाही असा आमचा समज होता.

मुलींची शाळा होती ती बाजाराच्या पलीकडे. लहान होतो तोवर आम्ही पोरी चालत जायचो. पण दहा-अकराच्या झालो की आयाबाया कुजबुजू लागायच्या, एवढी वाढलेली पोर भर बाजारातून रोज कशी पाठवायची, आणि मग एकेक पोरगी घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसायची. वरच्या वर्गात बाई जास्त आणि मुली कमी अशी पाळी आली होती. तेव्हा शाळेच्या मंडळींनी एक तोड काढली. एक छकडा घेतला, त्यावर बांबूच्या कमानी बसवल्या, कमानींवर जुन्या सोलापुरी चादरी टाकल्या, पुढे-मागे पडदा लावला, आणि हुसेनचाचांना हाकायला ठेवलं. आता आम्हाला कुणी बघायचं नाही आणि आम्ही कुणाला बघायचं नाही, म्हणून आईबाप खूश. आम्ही पहिल्याच दिवशी चादरीला बोटाएवढी भोकं पाडली, म्हणून आम्हीही खूश. अण्णांनी बरेच दिवस आढेवेढे घेतले, पण गिऱ्हाइकांच्या पोरी जातात म्हटल्यावर मलाही पाठवलं.

सगळं बरोबर होतं, फक्त बैल चुकला होता. शहरात शिंदीच्या दारूविरुद्ध हवा तापू लागली तेव्हा शिंदीच्या एका ठेकेदाराने वेळीच वारा ओळखून आपला बैल विकायला काढला, आणि स्वस्तात मिळतो म्हणून शाळेने तो घेतला. पांढरा, धिप्पाड, कपाळावर तांबूस ठिपका, आणि चाल अशी संथ की हुसेनचाचांनी त्याचं नाव दिवाण ठेवलं. त्याने जन्मभर शिंदीची पिंपं दुकानोदुकानी पोचवली होती. प्रत्येक दुकानापुढे थांबायचं, दुकानदाराने मूठभर फुटाणे दिले की पुढे चालायचं, ही त्याची नोकरीची पद्धत होती, आणि मालक बदलला म्हणून पद्धत बदलायची असते हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या वाटेवर शिंदीचं एक दुकान होतं. मुलींच्या शाळेचा छकडा रोज सकाळी त्या दुकानापुढे जाऊन उभा राहायचा.

हुसेनचाचा बिचारे शरमेने अर्धे व्हायचे. "चल रे बाबा, इज्जत का सवाल है," असं ते त्याच्या कानात सांगायचे. दिवाण कान हलवायचा, पाय नाही. शेवटी दुकानदार बाहेर येऊन फुटाणे द्यायचा, आणि पडद्याआडून आमचेही हात बाहेर यायचे म्हणून थोडे आम्हालाही द्यायचा. घरी यातलं काही सांगायचं नाही हे आम्ही आपापसात न बोलताच ठरवून टाकलं. फुटाणे फार खमंग असायचे.

शाळेत मला सगळ्यांत आवडायचा तो वाचनाचा तास. आमच्या वेणूबाई उंच, किरकोळ, आणि आवाज मात्र पहिलवानाचा. चौथीच्या वर्गाला पुस्तक एकच होतं, ते शाळेच्या कपाटात राहायचं. बाई रोज थोडंसं वाचायच्या, मग आमच्याकडून वाचून घ्यायच्या. त्या दिवसांत एका व्यापाऱ्याचा मोठा धडा चालला होता. व्यापारी गलबत भरून परदेशी निघतो, वाटेत वारा पडतो, पाणी संपतं, खलाशी कुरकुरतात, असं रोज काही तरी व्हायचं. संध्याकाळी घरी आले की आत्या भाकऱ्या थापता थापता विचारायची, "काय शिकिवलं आज? सांग, बगू दे ती मास्तरीण काम करती का नुसती बसून जाती." मी सांगायची. आत्या मध्येमध्ये व्यापाऱ्याला शिव्या घालायची. "पाणी जास्त न्यायला काय झालतं? बाईमाणूस संगं न्हाय, मग असंच हुणार." खलाशी बंड करणार असं वाटलं त्या दिवशी भाकरी इतकी जोरात थापली की आई दुसऱ्या खोलीतून पळत आली. आणि ज्या दिवशी वादळ आलं, शीड फाटलं, गलबत बुडालं आणि व्यापारी एका फळीला धरून काळ्या पाण्यात राहिला, त्या दिवशी तव्यावरची भाकरी जळून कोळसा झाली. आत्याच्या हातून भाकरी जळलेली मी तेव्हाच पाहिली.

"मग?" आत्या म्हणाली.

"मग तास संपला. पुढचं उद्या."

"ही काय जागा हाय थांबायची? त्यो पाण्यात हाय की ग."

दुसऱ्या दिवशी ते पुढचं काही झालंच नाही. सकाळी छकडा शिंदीच्या दुकानापाशी आला तर तिथे खादीच्या लुगड्यातल्या बायका ओळीने बसल्या होत्या. शिंदी बंद करा म्हणून त्यांनी धरणं धरलं होतं. दुकानदार आत कडी लावून बसलेला. दिवाण आपल्या रिवाजाप्रमाणे बरोबर बायकांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. चष्मा लावलेल्या एका बाईंनी पडदा बाजूला करून आत पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"बघा ग, शाळेनं मुली पाठवल्या. ह्याला म्हणतात शाळा."

"नै जी, बाईसाब," हुसेनचाचा कळवळून म्हणाले, "किसीने भेजे नै. ये बैल खडा हो गया."

"बैलाला कळतं, चाचा. माणसांनाच कळायचं राहिलंय," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी आमच्या हातात एकेक कागदी झेंडा दिला. मला झेंड्याचा काय आनंद झाला ते सांगता येत नाही. गाणं सुरू झालं, त्यातला एक शब्द मला येत नव्हता, म्हणून मी नुसता आवाज सगळ्यांत मोठा लावला. एवढ्यात पोलीस आला. त्याने छकडा हलवायचा हुकूम दिला, कासरा ओढला, शेवटी दिवाणाच्या पाठीत काठीचं टोक खुपसलं. दिवाणाने त्याच्याकडे एकदा वळून पाहिलं आणि तो खाली बसला. छकडा पुढे कलला, आम्ही सगळ्या घसरत जाऊन झेंड्यांसकट पुढच्या पडद्यातून अर्ध्या बाहेर आलो, आणि बायकांनी बैलाचा जयजयकार केला. पोलिसाने बैलाला अटक कशी करायची याचा बराच विचार केलेला दिसला. अखेर दुकानदारच मागच्या दाराने वळसा घालून आला आणि तोंड लपवत त्याने दिवाणापुढे मूठभर फुटाणे धरले, तेव्हा कुठे दिवाण उठला.

मी शाळेत पोचायच्या आत बातमी दुकानात पोचली होती. एकाने अण्णांना सांगितलं, तुमची चंपा सरकारविरुद्ध शिंदीच्या दुकानापुढे बसली. दुसऱ्याने सांगितलं, तुमची चंपा शिंदीच्या दुकानात बसली. अण्णांनी डोक्याला हात लावला. पहिली बातमी खरी असेल तर पोलीस येणार आणि दुसरी खरी असेल तर सोयरे येणार नाहीत. वाचनाचा तास व्हायच्या आतच ते स्वतः शाळेत येऊन मला घेऊन गेले. घरी आल्यावर झेंडा चुलीत घातला आणि म्हणाले, "झालं तेवढं शिक्शान बास. उद्यापासनं कांड्या भर." मी रडले, जेवले नाही, नंतर भूक लागली म्हणून जेवले आणि परत रडले. अण्णा एरवी माझ्या डोळ्यांत पाणी आलं की गुळाचा खडा द्यायचे. त्या दिवशी ते माझ्याकडे बघेचनात. मला त्यांचा राग आला होता आणि पोलीस आला का म्हणून ते सारखे दाराकडे बघत होते तेही मला दिसत होतं.

आमच्याच घरी नाही, पेठेत बऱ्याच घरी असंच झालं. छकडा रिकामा जाऊ-येऊ लागला. चार दिवसांनी वेणूबाई घरोघर फिरत आमच्याकडे आल्या. त्यांना लांबून बघितल्याबरोबर अण्णा दुकानातल्या सुताच्या गासड्यांमागे जाऊन बसले आणि आत्याला हळूच म्हणाले, "मी मोहोळला गेलोय म्हून सांग."

"अण्णा मोहोळला गेलाय," आत्याने बाईंना सांगितलं. "बसा जरा, गासड्यांमागनं येईल एवढ्यात."

बाई बसल्या नाहीत, पण गासड्यांना ऐकू जाईल असं बोलल्या. छकड्यात मुलीच नसतील तर मंडळी तो महिनाअखेर विकणार. छकडा गेला की मोठ्या मुली येणार नाहीत आणि वरचे वर्ग बंदच करावे लागतील. चंपा हुशार आहे, तिला आणखी थोडी वर्षं मिळाली तर ती दुसऱ्यांना शिकवू शकेल. गासड्या काही बोलल्या नाहीत. बाई निघाल्या तशी आत्या त्यांच्या मागोमाग पायरीपर्यंत गेली. "बाई," म्हणाली, "ते तुमच्या पुस्तकात..." बाई थांबल्या. आत्याने मागे वळून दुकानाकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, "पानी तरी पिऊन जावा की." बाईंनी पाणी घेतलं आणि त्या गेल्या. आत्या रिकामा तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली.

त्या दिवसापासून घरात शांतता नव्हती. आमटीत मीठ दोनदा पडायचं, दुसऱ्या दिवशी पडायचंच नाही. मी दुपारी कांड्या भरत बसले की आत्या शेजारी येऊन बसायची. "त्यो धरून हाय का सुटला असंल फळी?" मी म्हणायची, मला कसं कळणार, पुस्तक शाळेत आहे. "न्हाय, पर तुला काय वाटतं? पवायला येतं का त्याला? तसं काय आदी लिवलंतं का?" कधी म्हणायची, "मेला असंल तर मेला म्हून सांगावं. असं लटकत ठिवू न्हाय मानसाला." एकदा तिने मला विचारलं, त्या पुस्तकात असं लिहिलेलं असतं ते अक्षरांतून कळतं कसं, अक्षर बघितलं की कानात आवाज येतो का. मी हसले. ती हसली नाही. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, ही मास्तरणीचं काम तपासायला मला रोज विचारत नव्हती. मी शाळेत जात होते आणि माझ्या मागोमाग घरात बसल्या बसल्या तीही येत होती. शाळा आम्हा दोघींची सुटली होती, आणि माझी सुटली म्हणून मला रडता तरी आलं होतं. मला आत्याचं फार वाईट वाटलं. आजही हे लिहिताना वाटतं.

मग एका सोमवारी सकाळी रिकामा छकडा आमच्या दारावरून चालला असताना आत्या पायरी उतरली आणि तिने दिवाणाच्या तोंडात अर्धी कडक भाकरी दिली, वर गूळ ठेवून. अण्णांनी विचारलं, हे काय? म्हणाली, "सोमवार हाय. नंदीला घास द्यायचा मी नेम धरलाय." मंगळवारीही दिली. म्हणाली, नेम एकदा धरला की वार बघत नाहीत. दिवाणाला कडक भाकरी फुटाण्यांपेक्षा फारच आवडली. कुडुम असा आवाज झाला की त्याचे डोळे अर्धे मिटायचे. आठवड्याभरात त्याने आमचं दार आपल्या नोकरीत धरलं. धरण्यानंतर शिंदीच्या दुकानावर त्याला आता कोणी काही देत नव्हतं, ते त्याने सोडून दिलं आणि तो सरळ येऊन आमच्या पायरीपुढे उभा राहू लागला. भाकरी मिळाली की चालायचा. हुसेनचाचा आत्याकडे बघायचे, आत्या आकाशाकडे बघायची.

असं चाललं असताना एके दिवशी सकाळी आत्या बाहेर आलीच नाही. छकडा आला, दिवाण उभा राहिला, आणि आत्या दाराच्या आत, पदराखाली हात घेऊन उभी. हुसेनचाचांनी "चल राजा" म्हटलं, कासरा ढिला केला, ताणला. दिवाण आमच्या दारात टक लावून उभा. मागून सुताची गाडी आली, तिच्या मागून भाजीवाली आली, गल्ली तुंबली. लक्ष्मम्मा माग सोडून बाहेर आली. तिने बैल पाहिला, आमचं दार पाहिलं, आणि दोन्ही हात जोडले. कानडी घरची ती, नंदीला बसवण्णा म्हणायची.

"अय्यो, बसवण्णा आलाय. रोज हितंच हुबा राहतोय, म्या बगतोय की. काय तरी मागायला."

"काय मागतोय?" कुणी तरी विचारलं.

लक्ष्मम्माने रिकाम्या छकड्यात वाकून पाहिलं. तिचीही पोरगी त्याच छकड्यातून जायची आणि तिच्या नवऱ्याने ती घरी बसवली होती. "पोरी मागायला," ती म्हणाली. "गाडी रिकामी हाय नव्हं? बसवण्णा रिकामी गाडी कसा न्हेणार? पोर द्या म्हंतोय."

हे वाक्य गल्लीतून असं पसरलं की मी खिडकीतून बघता बघता माग बंद पडत गेले. सणासुदीसारखी शांतता झाली, त्यामुळे सगळे ओरडून बोलू लागले. कुणी हळदकुंकू आणलं, कुणी दिवाणाच्या पायांवर पाणी घातलं, कुणी नारळ फोडला. शिंदीच्या दुकानापुढे थांबणारा तो हाच, हे जवळजवळ सगळ्यांना माहीत होतं. त्यावर लक्ष्मम्माने सांगून टाकलं की तिथं तो दुकान बंद करायलाच थांबत होता. पुढे कुणी काही विचारलं नाही. अण्णा दुकानाच्या फळीवर उभे राहून हे सगळं बघत होते. पुढ्यात जमलेल्यांपैकी निम्मी त्यांची गिऱ्हाइकं होती. ते खाली उतरले, त्यांनी दिवाणाच्या मानेला हात लावला आणि अगदी अदबीने म्हणाले, "म्हाराज, चला आता." दिवाणाने मोठ्याने श्वास सोडला आणि अण्णांचं धोतर ओलं झालं.

"अण्णा," लक्ष्मम्मा म्हणाली, "तुमी तुमची पोर द्या. मी बी माजी देतो."

अण्णांनी दाराकडे पाहिलं. आत्या तशीच उभी. मला कळेना मी रडावं की देवाला हात जोडावेत. पुढे मी कितीएक सभांतून मुलींच्या शिक्षणावर पुरुषांना तास तास समजावलं, आकडे सांगितले, दाखले दिले, पण त्या सकाळी अण्णांच्या तोंडावर जसा विचार चाललेला दिसला तसा मला पुन्हा कुणाच्या तोंडावर दिसला नाही. पोलिसाची भीती एका बाजूला आणि देवाची एका बाजूला, आणि देव दारात उभा होता. "चंपे," ते म्हणाले, "वेणी घालून घे." मी वेणी घालायला थांबले नाही. लक्ष्मम्माची पोर, समोरच्या दोघी, कोपऱ्यावरची एक, अशा आम्ही भराभर छकड्यात चढलो. बायकांनी आम्हाला कुंकू लावलं. हुसेनचाचांनी बिस्मिल्ला म्हणून कासरा हलवला.

दिवाण हलला नाही.

अण्णांचा चेहरा पांढरा पडला. "आता काय राह्यलं?" ते लक्ष्मम्माला विचारू लागले, जणू ती बैलाची मुनीम होती. लक्ष्मम्माने दिवाणाला पुन्हा एकदा कुंकू लावून बघितलं. मी चादरीच्या भोकातून बघत होते, म्हणून मला आत्या अगदी समोर दिसत होती. तिच्या पदराखाली काही तरी कुडुम वाजलं आणि दिवाणाचे कान तिकडे वळले. हुसेनचाचांनीही ते ऐकलं. त्यांनी दाढी खाजवली आणि मान खाली घालून घेतली, पण त्यांचे खांदे हलत होते.

"अजून कुनाला तरी मागतोय," हुसेनचाचा जमिनीकडे बघत मराठीत म्हणाले.

आत्या पायरी उतरली. दिवाणापुढे गेली, वाकून त्याच्या कपाळाला कपाळ लावलं आणि पदर पुढे धरून बराच वेळ तशीच राहिली. लोकांना वाटलं ती प्रार्थना करते आहे. मग वळली, लुगड्याचा काष्टा घट्ट केला, आणि छकड्याच्या मागच्या बाजूने, एका हाताने लक्ष्मम्माचा खांदा धरून, आत चढली.

"आक्का," अण्णा म्हणाले, "तू कुटं?"

"मला काय हौस आलीया व्हय?" आत्या माझ्या मांडीवर जवळजवळ बसत म्हणाली. "नंदी म्हंतोय तर न्हाय कसं म्हनू? दुपारचं आमटी गरम करून घ्या." आणि दिवाण तोंड हलवत चालू लागला. आत्याने हे सगळं आधीपासून ठरवलं होतं की आम्ही पोरी छकड्यात बसलेल्या बघून तिला राहवलं नाही, हे मी तिला पुढे अनेकदा विचारलं. ती म्हणायची, "बैलाला इचार."

शाळेत वेणूबाईंनी भरलेला छकडा पाहिला आणि त्या एकेकीला हात धरून खाली उतरवू लागल्या. आत्या मात्र सरळ चौथीच्या वर्गात जाऊन पहिल्या रांगेत बसली. बाईंनी तिला वाचता येतं का म्हणून विचारलं. "ऐकता येतंय की," आत्या म्हणाली. बाईंनी तिला मायेने, पण त्या पहिलवानी आवाजातच, सांगितलं की शाळेत यायचं तर बिगरीपासून यायचं. माझ्या आत्याला, जिच्यापुढे अण्णांची मान वर होत नव्हती, त्यांनी सहा-सहा वर्षांच्या पोरींच्या ओळीत नेऊन बसवलं आणि पुढ्यात अक्षरं गिरवायची धूळपाटी दिली. आत्याने आजूबाजूला पाहिलं. एका शेंबड्या पोरीने तिचं बोट धरून धुळीत पहिलं अक्षर कसं काढायचं ते दाखवलं, आणि आत्याने वाकडं काढलं म्हणून तिच्या हातावर चापटही मारली. आत्याने ती खाल्ली. मग तिने बाईंना विचारलं, "हितनं त्या व्यापाऱ्यापतोर किती लांब हाय?"

"चार पुस्तकं," बाई म्हणाल्या.

मुलीच नव्हत्या म्हणून बाईंनी व्यापाऱ्याचा धडा तिथेच थांबवून ठेवला होता, तो त्या दिवशी आमच्या वर्गात पुरा झाला. संध्याकाळी छकड्यात मी आत्याशेजारी बसले तेव्हा मला एका जागी बसवेना. एवढे दिवस जिने त्या माणसासाठी आमट्या खारट केल्या, तिला पहिली बातमी मी देणार होते. "आत्या, ऐक," मी म्हटलं, "त्या व्यापाऱ्याचं ना..."

तिने धुळीने भरलेला हात माझ्या तोंडावर दाबला. "गप," ती म्हणाली. "एक शब्द सांगू नगंस. मी येती तितवर." पुढे कित्येक महिने आमच्या घरात गलबत, समुद्र किंवा फळी यांतला कुठलाही शब्द काढायची कुणालाही परवानगी नव्हती.